दुसऱ्याच्या नावाचा नारळ

आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत, त्या मी पर्यटकांना देते. काशीदला गर्दी झाली की लोक पुढे सरकत सरकत आमच्या गावापर्यंत येतात. आलेल्याला धुतलेली चादर, बादलीभर गरम पाणी आणि दोन वेळचं जेवण द्यायचं, यापलीकडे मी कुणाच्या आयुष्यात शिरत नाही. त्यांनीही माझ्या आयुष्यात शिरू नये. चार वर्षांपूर्वी जानेवारीत आलेल्या दोन पाहुण्यांच्या बाबतीत मात्र हे जमलं नाही, आणि त्याला कारण माझी भाची.

भाची तेव्हा आठ वर्षांची होती. भाऊ बोटीवर, वहिनी सकाळीच मासळीची पाटी घेऊन बाजाराला, त्यामुळे शाळेची वेळ सोडली तर पोर माझ्या मागे मागे. लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हापासून हे असंच चालू आहे. तिला उत्तरं देणं हे माझ्या कामांपैकी एक काम. बहुतेक वेळा मी ते काम नीट करते.

पाहुण्या दोघी होत्या. एक सत्याऐंशी वर्षांची म्हातारी, अमेरिकेतून आलेली, आणि दुसरी तिची नातसून, मूळची अलिबागकडचीच. नातू पुण्यात कामाला अडकला होता, म्हणून नातसून आजीला समुद्र दाखवायला घेऊन आली होती. म्हातारी अंगाने बारकी, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, चेहरा जपानी. आठ दिवस राहणार होत्या.

भाचीने पहिल्याच जेवणाला म्हातारीची परीक्षा घेतली. आमच्याकडे मुंबईचे पाहुणे बांगडा खातात तेव्हा निम्मा मासा पानात टाकतात. ही म्हातारी काट्याचा सांगाडा अख्खा, जसाच्या तसा बाजूला काढून ठेवत होती.

"आत्या, हिला येतं," भाची म्हणाली. ही तिची मोठी पदवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीत कोळंबी सोलत होते. म्हातारी शेजारी खुर्चीत, नातसून पायरीवर. भाची शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हातारीसमोर उभी राहिली.

"आजी, तू जपानची ना?"

"अगं, त्या अमेरिकेच्या आहेत. जन्मच तिथला," नातसून म्हणाली.

"मग तोंड जपानचं कसं?"

मी तिच्यावर डोळे वटारले. पण म्हातारीने काय विचारलंय ते समजून घेतलं आणि हसली. नातसुनेने तिचं उत्तर मराठीत सांगितलं: "आमच्या सरकारलाही हेच विचारायचं होतं."

तिथून ते सुरू झालं. म्हातारी थोडं बोलायची, नातसून सांगायची, आणि मध्ये मध्ये भाची. मला इंग्रजी पाहुण्यांपुरतं कळतं, पण मी कोळंबीकडे बघत ऐकत राहिले.

म्हातारीचा बाप मासेमार होता. लॉस एंजेलिसच्या बंदरात एक बेट होतं, त्यावर जपानहून आलेल्या मासेमारांची वस्ती. पुरुष बोटीवर, बायका मासे डब्यात भरायच्या कारखान्यात. बोट आली की कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि बायका असतील तशा धावायच्या. जपानने अमेरिकेच्या बंदरावर बाँब टाकले आणि लढाई सुरू झाली. लगेच पोलीस आले आणि वस्तीतल्या मासेमारांना धरून नेलं. का, तर यांच्याकडे बोटी आहेत, हे समुद्रात जाऊन जपानच्या पाणबुड्यांना इशारे देतील.

"आमच्या बोटीवर पण वायरलेस आहे," भाची म्हणाली. "पोलीस बाबांचं मासेमारीचं कार्ड पण बघतात. बोटीवर चढून बघतात."

"मग काय करतात?" म्हातारीने विचारलं.

"बघून सोडतात."

"माझ्या बाबांना सोडलं नाही."

भाचीने थोडा विचार केला. "त्यांच्याकडे कार्ड नसेल."

कार्डही होतं, परवानाही होता, असं नातसुनेने सांगितलं. भाचीला ते पटलं नाही. कार्ड असताना धरतात हे तिच्या माहितीत बसत नव्हतं. नंतर उरलेल्या बायकापोरांना हुकूम आला, दोन दिवसांत बेट सोडा. हाताने उचलता येईल तेवढंच सामान. पुढे त्या सगळ्यांना बसमध्ये घालून घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नेलं आणि घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर दिला. तो चिठ्ठीवर लिहून पोरांच्या कोटाच्या बटणाला बांधला.

"घोडे कुठे गेले?" भाचीने विचारलं.

म्हातारीला ते माहीत नव्हतं.

"आणि जाळी? तुझ्या बाबांना धरलं तेव्हा जाळी ओली असतील ना? ती कुणी सुकवली?"

नातसुनेने हा प्रश्न दोनदा समजावून सांगितला. त्या काळी जाळी सुती असायची, ओली राहिली की कुजायची. म्हातारी खुर्चीतून उठून खोलीत गेली आणि मला वाटलं, पोरीने नको ते विचारलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती म्हणाली, "जाळी बहुतेक कुणीच सुकवली नाहीत." रात्रभर तोच विचार करत होती की काय, देव जाणे.

पुढचे तीन-चार दिवस हेच चाललं. तबेल्यातून त्यांना रेल्वेने वाळवंटात नेलं, तिथे लाकडी चाळी, भोवती काटेरी तार, मनोऱ्यावर बंदूकवाला शिपाई. तीन वर्षं. भाची रोज शाळेतून नवे प्रश्न घेऊन यायची.

"तिथे शाळा होती?"

"होती."

"जेवायला?"

"होतं. चांगलं नव्हतं."

"खेळायला?"

"होतं."

"मग तो तुरुंग नाही. आश्रमशाळा आहे."

"बाहेर गेलं तर शिपाई गोळी घालायचा," नातसून म्हणाली.

"पण तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही."

"काहीतरी केलं असेल."

म्हातारीने मान हलवली. भाची माझ्याकडे वळली. "आत्या, ही सांगत नाही."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. सरकार येडं असतं हे मान्य, पण इतक्या लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, तान्ह्या पोरांना उगाच कोण तीन वर्षं पोसत बसेल? एवढा खर्च कारणाशिवाय कोण करतं? मी नातसुनेला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, पुढे सरकारने स्वतःच चूक कबूल केली, माफीचं पत्र पाठवलं, भरपाई दिली. म्हणजे काही केलं नव्हतं ते खरंच. मग माझा गोंधळ आणखी वाढला.

मग एका दुपारी भाचीने ते बोलून टाकलं.

"म्हणजे तुम्हाला वाळीत टाकलं होतं. आमच्या वर्गातल्या तिच्यासारखं."

मी कोळंबीची परात खाली ठेवली. "आत जा. हातपाय धू."

"धुतले."

"परत धू."

इथे मला गावातली गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरापासून चौथं घर. नवरा-बायको आणि एक मुलगी, मुलगी भाचीच्या वर्गात. पाहुण्या आल्या त्याच्या दीड वर्ष आधी त्यांना गावाने बाहेर काढलं होतं. हे आता कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आमच्याकडे तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'त्यांच्याशी न्हाय,' एवढंच म्हणतात. त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, त्यांच्या दारी जायचं नाही. दुकानदार त्यांना वस्तू देत नाही, फक्त 'संपलंय' म्हणतो. जो त्यांच्याशी संबंध ठेवील, त्याच्याशीही न्हाय.

कारण असं की जाळी सुकवायची किनाऱ्यावरची जागा गावाने पर्यटकांच्या गाड्या लावायला द्यायचं ठरवलं, आणि या माणसाने गावाला न विचारता अलिबागला जाऊन सरकारी कचेरीत हरकतीचा अर्ज दिला. हे मला माहीत होतं. पण भाचीने तीन जणांना विचारलं तेव्हा तीन कारणं मिळाली होती. दुकानदार म्हणाला, त्याला माज हाय. वहिनी म्हणाली, त्याने मोठ्यांना उलट उत्तर दिलं. भाऊ म्हणाला, तुला काय करायचंय. त्या घरची मुलगी भाचीची मैत्रीण, वर्गात तिच्याच बाकावर बसायची, पण खिचडीच्या वेळी बाकीच्या पोरी ताटल्या घेऊन सरकायच्या. त्यांना कुणी सरका म्हणून सांगितलं नव्हतं. भाचीही सरकायची. आणि आता ती मैत्रीण म्हणाली होती की परीक्षा झाली की आम्ही माणगावला मामाकडे जाणार, कायमचे, नाहीतर बाबांना गावात परत घ्यायला पाहिजे. भाचीला ती जायला नको होती. डोक्यात तेवढं एकच होतं.

मी तिला आत पाठवलं तरी उपयोग झाला नाही. म्हातारीने नातसुनेला विचारलं, ती काय म्हणाली, आणि मग मला सांगावंच लागलं. मी थोडक्यात सांगितलं. आमच्याकडे कुणी गावाचं ऐकलं नाही तर असं करतात. पण आमच्याकडे परत यायचा रस्ताही आहे, हेही सांगितलं, कारण पाहुण्यांना गाव वाईट वाटायला नको. परत यायचं असेल त्याने गावदेवीच्या पायरीवर नारळ ठेवायचा आणि गावासमोर 'चुकलं' म्हणायचं. गाव नारळ फोडतं, सगळे खोबऱ्याचा तुकडा खातात, आणि तिथून पुढे त्या गोष्टीचा विषय कुणी काढत नाही. मला ही पद्धत नेहमी बरी वाटत आली आहे. कोर्टकचेरीपेक्षा झटपट.

भाची आतून सगळं ऐकत होती. ती दारात आली. "आजीच्या बाबांनी नारळ का नाही ठेवला?"

नातसुनेला हे इंग्रजीत सांगताना हसू आवरेना. म्हातारी हसली नाही. ती म्हणाली, "ठेवायला सांगितला होता की. कागदाचा नारळ."

छावणीत मोठ्या माणसांना एक छापील कागद दिला होता, प्रश्नांचा. त्यात विचारलं होतं, तुम्ही अमेरिकेशी निष्ठा ठेवाल का, आणि जपानच्या राजाशी असलेली निष्ठा सोडाल का. तोवर बापालाही त्याच छावणीत आणलं होतं. तो म्हणाला, लिहू 'हो' आणि सुटू. काका म्हणाला, 'सोडतो' लिहिलं म्हणजे आधी धरली होती असं झालं, मी धरलीच नव्हती तर सोडू काय? त्याने 'नाही' लिहिलं. 'नाही'वाल्यांना वेगळ्या, जास्त कडक छावणीत पाठवलं. दोघं भाऊ पुढे जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत.

"मग बरोबर कोण?" भाचीने विचारलं.

"मी तेव्हा लहान होते," म्हातारी म्हणाली. "बाबांची लाज वाटायची आणि काकांची भीती. आता दोघंही नाहीत, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही."

मी मनात म्हटलं, बाप बरोबर. कागदावर एक शब्द लिहायला काय जातं? चौथ्या घरातल्या माणसाबद्दलही माझं हेच मत होतं. ठेव नारळ, म्हण चुकलं, मोकळा हो. पण काकाचं बोलणंही कानातून जाईना. आणि भाचीने त्या सगळ्यातून नेमकं एकच उचललं होतं: 'हो' म्हटलं की सुटतात.

रविवारी पाहुण्या गेल्या. मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबई, तिथून विमान. म्हातारीने भाचीशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा.

मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला शेजारीण आमच्या अंगणात आली. "काय गो, ऐकलं का? त्यानं नारळ ठेवला."

"कुणी?"

तिने चौथ्या घराच्या दिशेला हनुवटी उडवली. "देवीच्या पायरीवर. सोन्यासारका सोललेला. वर चिठ्ठी बांदलीय, घराच्या नंबराची. ग्रामपंचायतीचा नंबर गो, दारावरचा! नाव लिवाया काय झालेलं?"

मी आत गेले. कोठीत नारळांचं पोतं असतं, जेवणाला लागतात म्हणून. त्याचं तोंड उघडं होतं. भाची दप्तर भरत होती.

"नारळ तू ठेवलास?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"नंबर बांधला ना. म्हणजे कुणाचा ते कळेल." ती शांत होती. "आता ती जाणार नाही."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि काय म्हणून द्यायची हे कळेना. तिला शाळेत पाठवलं.

दुपारी गावकीची बैठक बसली, देवळासमोरच्या मंडपात. बायका बैठकीत बसत नाहीत, पण मी जाऊन कडेला उभी राहिले. दुसरं कुणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. आमच्या खोल्यांचं सगळं गावावर चालतं. मासळी गावकीच्या अध्यक्षांच्या बोटीवरून येते, गाड्या किनाऱ्यावरच्या त्याच जागेत लागतात. उद्या 'त्यांच्याशी न्हाय' आमच्याबद्दल म्हणाले तर आठवड्याभरात माझ्या खोल्यांना कुलूप.

"नारळ आमच्या पोरीने ठेवला," मी म्हटलं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या घराचा आन त्या घराचा संबंध काय?"

"काही नाही. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एक जपानी म्हातारी राहिली होती, तिची गोष्ट ऐकून तिच्या डोक्यात आलं."

"जपानी म्हातारी?"

"अमेरिकेतली."

"जपानी का अमेरिकेतली? एक काय ते बोल."

"अमेरिकेतली जपानी. लढाईत त्यांना तिथल्या सरकारने सगळ्यांपासून वेगळं काढून ठेवलं होतं."

"आन ती कशाला आमच्या गावकीत पडते?" मागून एक जण म्हणाला. हशा पिकला.

"तिकडं पन असं करतात?" अध्यक्षांना यात खरंच रस वाटला. "मग त्यांनी काय केलं? चुकलं म्हनाले?"

"एक भाऊ हो म्हणाला. एक नाही म्हणाला."

"मग?"

"मग त्यांचं आपसात बोलणं बंद झालं. मरेपर्यंत."

"बगा," अध्यक्ष सगळ्यांकडे वळले, "म्हंजे सगळीकडं तसंच हाय." आणि दोन-तीन माना डोलल्या. मी सांगितलं होतं ते असं नव्हतं. पण नेमकं कसं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

मग वाद सुरू झाला. पोराने ठेवलेला नारळ धरायचा की नाही? एक म्हणाला, नारळ तो नारळ, देवी काय वय विचारते? दुसरा म्हणाला, परक्या घरचा नारळ कसा चालेल? तिसरा, जो एरवी सगळ्यात कडक, तो म्हणाला, "मिटवा आता. दीड वर्स झालं. माझ्या बायकोची ती मावसबहीन हाय, घरात रोज रडगानं." तेव्हा मला कळलं की गावही कंटाळलं होतं. कुणालाच हे चालू ठेवायचं नव्हतं आणि कुणालाच आधी थांबायचं नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी तोड काढली. नारळ त्या घराचा धरायचा. माणसाला गावासमोर उभं करायचं नाही, 'चुकलं' म्हणायला लावायचं नाही. दिवेलागणीपर्यंत त्याने येऊन 'हा माझा न्हाय' असं म्हटलं नाही, म्हणजे झालं. फोडू आणि मिटवू.

"तू जाऊन सांग," अध्यक्ष मला म्हणाले. "आजच्यापुरतं तुला हाय."

म्हणजे आजच्यापुरती मला त्या घराशी बोलायची परवानगी. मी चार घरं चालत गेले. दीड वर्षात त्या पडवीत पाय ठेवला नव्हता. माणूस जाळं विणत बसला होता, बायको दारात आली आणि मला बघून तिचा हात पदराकडे गेला, कुणी मेलं की काय अशा भीतीने.

मी सगळं सांगितलं. भाचीचं, नंबराच्या चिठ्ठीचं, बैठकीचं. आणि म्हटलं, "तुम्हाला काही करायचं नाही. फक्त संध्याकाळपर्यंत गप्प बसा."

"अवो, एवढंच तर हाय," बायको म्हणाली. "गप ऱ्हावा."

"दीड वर्स गपच हाय मी," तो म्हणाला. "कोन बोलतंय माझ्याशी?"

"चेष्टा नका करू. पोरीकडं बगा."

मुलगी आत चुलीपाशी वही घेऊन बसली होती. तिने वर बघितलं नाही.

त्याने जाळं खाली ठेवलं. "ताई, मी अर्ज दिला ती चूक व्हती?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का? तुज्या पाव्हन्यांच्या गाड्या तिथंच लागतात म्हनून?"

लागतात, हे खरं होतं.

"गप बसलो म्हंजे नारळ माझा झाला. नारळ माझा म्हंजे चूक माझी. उद्या कचेरीत साहेब विचारील, तू तर गावात माफी मागितलीस, मंग अर्ज कशाचा?"

"कचेरीला काय कळतंय आपल्या नारळाचं," मी म्हटलं.

"मला कळतंय ना."

तो उठला, चपला घातल्या आणि देवळाकडे निघाला. बायको दोन पावलं मागे गेली आणि थांबली. मी त्याच्या मागे गेले, मध्ये दहा पावलांचं अंतर ठेवून. ते अंतर मी मुद्दाम ठेवलं नव्हतं, सवयीने पडलं. मंडपात माणसं अजून बसलेली होती. तो कुणाशी बोलला नाही, कुणी त्याच्याशी बोललं नाही. पायरीवरचा नारळ उचलला, काखेत धरला आणि तिथून सरळ आमच्या घरी. भाची शाळेतून येऊन अंगणात उभी होती.

त्याने नारळ तिच्या हातात दिला. "हा तुझा हाय. तू काय चुकली न्हायस. मीपन न्हाय. मंग देवीला कशाला तरास?"

"पण मग ती जाईल," भाची म्हणाली.

त्याने चिठ्ठी तेवढी सोडवून खिशात घातली आणि तो गेला.

भाची रात्री जेवली नाही. मला म्हणाली, "तो काका आहे. आजीचा काका."

"असू दे. भात खा."

"मग गाव कोण आहे? आणि आपण कोण?"

मी सांगितलं, आपण आपण आहोत. हे उत्तर चांगलं नव्हतं, पण पुढचं भांडं उतू जात होतं.

त्या रात्री नाही, पण नंतर बऱ्याच वेळा मी हिशेब लावून बघितला. त्याने गप्प बसायला हवं होतं असं मला सकाळी वाटतं. दुपारी वाटतं, बसला असता तर मी त्याच्याकडे कसं बघितलं असतं? ज्याच्यामुळे एक मुलगी गाव सोडून गेली तो बरोबर कसा, आणि ज्यांनी सगळं सोपं करून दिलं होतं ते चूक कसे? मला गोष्टी इकडे किंवा तिकडे लागलेल्या आवडतात. ही लागत नाही.

परीक्षा संपल्या आणि चौथ्या घरातले निघाले. गावातले दोन्ही टेम्पोवाले म्हणाले, गाडी बिघडलीय. दोन्ही एकाच दिवशी बिघडल्या. माझ्या ओळखीचा एक जण पाहुण्यांची ने-आण करतो, माणगावचा, त्याचा एक टेम्पोही आहे. मी त्याला फोन केला. आजच्यापुरतं तुला हाय, असं या वेळी मला कुणी म्हटलं नव्हतं. ते मी धरूनच चालले.

सकाळी दहाला टेम्पो येऊन लागला. चांगलं ऊन पडलेलं, सगळी दारं उघडी, दारात माणसं. कुणी बोलत नव्हतं, कुणी दार लावूनही घेत नव्हतं. मी गॅसची टाकी आणि भांड्यांचं पोतं चढवलं. बायकोने कपाट रिकामं केलं, त्याने आणि ड्रायव्हरने ते उचललं. दोन्ही मुली पायरीवर बसल्या होत्या, एकमेकींच्या शेजारी.

मग भाची माझ्याकडे आली.

"आत्या, माणगावला तार आहे?"

"कसली तार?"

"काटेरी. छावणीला असते तशी."

"नाही."

"मग ती हवं तेव्हा परत येऊ शकते?"

"येऊ शकते. एसटी आहे."

"इथे पण तार नाही."

"नाही."

"मग ते जातात कशाला?"

समोरच्या दारात अध्यक्षांची सून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. भाची उत्तराची वाट बघत होती. माझ्या हातात गादीची गुंडाळी होती, ती सुटायला आली होती.

"हे टोक धर," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी. जमिनीला लागू देऊ नकोस."

तिने धरलं.